आईला मी बोलू दिलं नाही

माझ्या नाटकाचा विषय निघाला की मी पडद्याची गोष्ट सांगतो. पहिल्याच प्रयोगात मधला पडदा अर्ध्यात अडकला आणि मेलेल्या मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, भूत प्रेक्षकांना फक्त कमरेपासून खाली दिसलं. भूत वरून गंभीर आवाजात बोलत होतं आणि लोक बघत होते त्याच्या पायातली निळी स्लीपर. ऐकणारे हसतात, मीही हसतो, चहा येतो, विषय संपतो. पंधरा-सोळा वर्षं मी हेच करत आलो. दोनदा सत्कार झाला, तेव्हाही पडद्याचीच गोष्ट सांगितली. बायको शेवटच्या आजारात म्हणाली होती, "तुमच्या मनात काहीतरी आहे, बोलून टाका." तिचंही मी हसण्यावारी नेलं.

आता त्र्याहत्तरावं सरलं. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांतली दोघं राहिली नाहीत. तरी लिहितो, कारण आमच्या गावात एका बाईबद्दल अजूनही जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते माझ्या हातचं आहे.

आमचं गाव मूल आणि नागभीड या दोन गावांच्या मधलं. तलावाच्या एका अंगाला धान पिकवणाऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला मासेमारीवर जगणाऱ्यांची वस्ती. मी शाळेत मास्तर होतो आणि दरवर्षी मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, गावच्या मंडळाला नाटक लिहून देत होतो. पुरुषांची कामं गावचेच करत, बायांच्या कामासाठी वडशाहून नट्या येत. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, माती उकरून रंगमंच व्हायचा, आणि आसपासच्या दहा-बारा गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं यायची. मी विंगेत बसून वाक्यं पुरवायचो. ते माझं सुख होतं.

निवृत्तीनंतरच्या वर्षी मला काही मोठं करून दाखवायचं होतं. कॉलेजात असताना एक जुनं परदेशी सूडनाटक मराठी रूपांतरात वाचलेलं होतं. थोरल्या भावाला धाकटा भाऊ मारतो, त्याची गादी घेतो, त्याच्या बायकोशी लग्न लावतो. बापाचं भूत मुलाला येऊन सगळं सांगतं, आणि मुलगा सुडाच्या मागे लागून स्वतः संपतो, सगळ्यांना संपवतो. ते वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. हे आपल्या झाडीत, धान-तलावांच्या या मुलखात, आणायचं, असं तेव्हापासून मनात होतं. राजाचा मालगुजार केला, किल्ल्याचा वाडा केला, आणि दिवाळीआधी एका दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात मंडळाला वाचून दाखवलं.

वाचन संपलं. मग मंडळाचे अध्यक्ष खोकले.

"गुरुजी, चांगलं आहे. पण ह्यात त्या बाईचं चुकलं कुठी?"

"म्हणजे?"

"नवरा मेला. दीरासंग पाट लावला. बरंच केलं ना जी. नाईतं पोट्टं घेऊन कुठी गेली असती?"

दुसरा म्हणाला, "माह्या आजीनं हेच केलं. तिचा सूड घ्यायले कोणी उठला असता तं माहा बापच जन्माले आला नसता."

"तुहा बाप नसता आला तं गावाचं काय बिघडलं असतं गा?" तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

ते हसत होते आणि माझं नाटक पहिल्याच अंकात कोसळलं होतं. मूळ नाटकात विधवेनं दिराशी लग्न करणं हेच पाप आहे. मुलाचा अर्धा संताप त्यावरच उभा आहे. आमच्याकडे मात्र चार माणसं बसवून, नवं लुगडं नेसवून, गूळ वाटून पाट लावतात, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई पहिल्यासारखी धानाच्या रोवणीला जाते. त्यात कुणाला लाज वाटत नाही. जे पाप इथं पापच नव्हतं, त्यावर मी चार तास लोकांना कसं बसवणार होतो?

शहाणपण असतं तर नाटक बदललं असतं. मी बाईला बदललं.

मूळ नाटकातली आई खुनाबद्दल जाणत होती की नव्हती, हे धडपणे कळतच नाही. तो लेखक तिला तेवढी तरी जागा ठेवतो. मी ती बुजवली. माझ्या नाटकातली आई सगळं जाणते. इतकंच नाही, दिरानं भोक पाडलेला डोंगा, म्हणजे लहान होडी, ती स्वतः नवऱ्याला काढून देते आणि जुनं, अडकणारं जाळं त्याच्या खांद्यावर ठेवते. नवरा तलावात बुडतो. हे दोन दिवसांत लिहून झालं. पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! आता बाईचा राग येते."

तलाव आणि जाळं मला कुठून सुचलं, हे वऱ्हांड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नाटकाच्या चौदा वर्षं आधी पलीकडच्या वस्तीतला एक माणूस आमच्याच तलावात बुडाला होता. सकाळी डोंगा घेऊन गेला, जाळं खाली वेलींत गुंतलं, ते सोडवायला उतरला आणि त्याचेच पाय त्यात गुंतले. मागे बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. वर्षभरानं तिनं दिराशी पाट लावला. दीर धाकटा, कमी बोलणारा, कष्टाळू. कधी कुणी त्यात काही वावगं पाहिलं नव्हतं.

आणि तो दीर त्या दिवशी तलावावर नव्हता. तो माझ्याबरोबर होता. माझ्या धानाची गाडी तोच हाकायचा. आम्ही पहाटेच मूलला निघालो होतो. राईस मिलसमोर गाड्यांची रांग होती. दुपारी सायकलवरून एक जण निरोप घेऊन आला. ऐकताच तो धाकटा भाऊ कोंड्याच्या ढिगाशेजारी मटकन बसला आणि दोन्ही मुठींनी कोंडा तोंडावर घेऊ लागला. मी त्याला धरून गाडीत बसवलं. परतीच्या वाटेवर बैल मी हाकले. बंडी हाकायचं मला नीट येत नव्हतं, तरी हाकली.

हे सगळं मला ठाऊक असताना मी ते नाटक लिहिलं. मुलाच्या कामासाठी निवडलंही कुणाला, तर त्याच बाईच्या मुलाला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, उंच, आवाज तलावाच्या पलीकडे जाईल असा. माझाच विद्यार्थी. मी स्वतःला समजावलं की गावात त्याच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. ते खरंही होतं. पण मनात दुसरंही होतं: त्याचा बाप खरंच बुडालेला आहे, तो खरं रडेल.

जाळंही त्यानंच घरून आणलं. काकाचं. तो त्याला काकाच म्हणायचा, पाट लागल्यावरही.

तालमीचा पंधरावा-सोळावा दिवस असेल. सगळे पाणी प्यायला गेले होते. तो वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून माझ्यापाशी आला.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार ना."

"माहा बाप बुडाला, त्या दिवशी काका कुठी होता?"

एका वाक्याचं उत्तर होतं. माझ्याजवळ होतं. मूलला, राईस मिलवर, माझ्यासंग. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जे उतरलं होतं, ते मी पंधरवडाभर त्याच्याकडून काढायचा प्रयत्न करत होतो. मी म्हणालो, "हा प्रश्न असाच मनात धरून ठेव. पहिल्या अंकात कामी येईल."

त्यानं मान हलवली. चांगला विद्यार्थी होता, सांगितलेलं करायचा.

मला कुणी सावध केलं नाही असं नाही. आईचं काम करायला वडशाहून जी नटी आली होती ती पन्नाशीची, या धंद्यात मुरलेली. तिसऱ्या तालमीला तिनं वही मिटली.

"मास्तर, माहे बोलणे कुठी गेले?"

"आहेत ना. सात वाक्यं आहेत."

"सात! त्यातले तीन 'बाळा' आणि दोन 'नको'. चार अंक सगळे माह्याबद्दल बोलून राह्यले. नवरा बोलते, भूत बोलते, पोट्टा बोलते, तो जोकर बी बोलते. मले एकदा तरी विचारा, बाई, तू हे काऊन केलं?"

"नाटक लांबेल."

"लांबू द्या ना. लोक सकाळपावतर बसते." मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी आजपावतर इतक्यांदा विष पिऊन मेली मास्तर, का आता घरी चहा पेताना बी पह्यले वास घेते. पण दरवेळी मरताना वाटते, हिनं काय केलं होतं तेच नाई समजलं."

तालमीतली मुलं हसली. मीही हसलो आणि पुढच्या प्रवेशाला सुरुवात करायला सांगितलं.

त्या नाटकात बाया दोनच. दुसरी मुलाची प्रेयसी. ती वेडी होऊन गाणं म्हणते आणि मरते. ती का वेडी झाली तेही पुरुषच सांगतात. आता या वयात मूळ नाटक पुन्हा काढून वाचलं, तेव्हा दिसलं की सुडाच्या गोष्टीला बायका लागतात त्या पेटवायला. बाप मेला म्हणून मुलगा दुःखी असतो, पण तो पेटतो आईवर. खुन्याला मारायला त्याला पाच अंक लागतात. आईला बोलायला त्याला काहीच लागत नाही. त्या लेखकानं निदान तिला गोंधळलेली तरी ठेवलं होतं. मी तिच्या हातात जाळं दिलं.

प्रयोग झाला. पडद्याची गंमत झाली, आणि मग कुणी हसलं नाही. मुलगा आईसमोर उभा राहून म्हणतो, "ज्या हातानं जाळं दिलंस त्या हातचं अन्न मला विष आहे." त्या वाक्याला बांधीत बसलेल्या बायांच्या रांगांतून शिव्या ऐकू आल्या, आईच्या नावानं. पोरांना मांडीवर निजवून बसलेल्या बाया, स्वतः आया असलेल्या. नटी सात वाक्यं बोलून, विष पिऊन मेली. टाळ्या थांबत नव्हत्या. त्या मोसमात आम्हाला आणखी अकरा गावांनी बोलावलं.

चौथ्या की पाचव्या गावात नटीनं मरता मरता स्वतःच्या मनाचं एक वाक्य घातलं. "मले कोणी विचारलंच नाई." लोक गप्प झाले. मला वाटलं प्रयोग पडला. आत आल्यावर मी तिला झापलं. ती रंग पुसत राहिली.

कुणीतरी मोबाईलवर जाळ्याचा प्रवेश घेतला आणि तो गावागावात फिरला. मग मूलच्या बाजारात सुरू झालं. ती बाई, मुलाची खरी आई, उकडलेले शिंगाडे घेऊन बसायची. एक गिऱ्हाईक शिंगाडे निवडता निवडता म्हणालं, "बाई, जाळं बी इकता का?" शेजारचे हसले. तिला काहीच कळलं नाही. तिनं सरळ सांगितलं, "नाई भाऊ, जाळं आमचं घरचं आहे." त्यावर आणखी हसले. हे मला तिथल्या भाजीवालीनं नंतर सांगितलं. तिलाही तेव्हा हसू आलं होतं, म्हणाली.

ती माझ्या घरी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"बसा ना बाई."

"बसत नाई जी. पोट्ट्यानं ताट सरकवलं."

"काय झालं?"

"तीन दिवस झाले, जेवून नाई राह्यला घरी. आज म्या ताट नेऊन दिलं तं म्हणे, ज्या हातानं जाळं दिलंस त्या हातचं अन्न मला विष आहे." तिनं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, शाळेच्या भाषेत, अडखळत. "असं त्यो कधी बोलत नव्हता गुरुजी. हे कोणत्या बोलीतलं आहे?"

तिनं नाटक पाहिलं नव्हतं. मोसमभर ती पहाटे शिंगाडे काढायला पाण्यात उतरायची. रात्र जागून तिला चालत नव्हतं. ते वाक्य माझ्या वहीतलं, तिसऱ्या अंकातलं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"गुरुजी, तुमाले तं माहीत आहे. त्याचे काका त्या दिवशी तुमच्यासंग गेले होते, मूलले. तुमी एक डाव त्याले सांगा. तुमचं ऐकते तो. माहं नाई ऐकत."

"सांगतो बाई."

"आज सांगा."

"आज सांगतो."

ती गेली. अजून तीन गावचे प्रयोग राहिले होते. मी मनाशी ठरवलं, ते झाले की सांगू. आधी सांगितलं तर तो विचारेल, मग मी विचारलं तेव्हा काऊन नाही सांगितलं? आणि काम सोडेल. तीन प्रयोग झाले. शेवटच्या प्रयोगात त्यानं जे काम केलं तसं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो घरी गेलाच नाही. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजुरांच्या गाडीत बसून निघून गेला.

इथं मला आणखी एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहिताना मला हे सबबीसारखं वाटतं, म्हणून थोडक्यात. मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील तापानं गेले. आईनं पाट लावला, दुसऱ्या गावात, आणि मला आजोबांकडे ठेवून गेली. तिच्या नव्या घरी मला जागा नव्हती, यात तिचा दोष नव्हता. रीतच तशी होती. ती वर्षातून दोनदा लाडू घेऊन यायची. मी लाडू घ्यायचो आणि तिच्याशी बोलायचो नाही. ती मेली तेव्हाही मी बोललो नव्हतो. वऱ्हांड्यात सगळे म्हणाले, "बाईचं चुकलं कुठी?" तेव्हा मला जो राग आला, तो नाटककाराचा नव्हता. हे मला फार उशिरा कळलं. सूड माझाच होता. तो मी दुसऱ्याच्या आईवर घेतला.

मुलगा परत आला नाही. कळत गेलं: दोन वर्षं तेलंगणात, मग मोहर्लीला, वाघांच्या जंगलाच्या गेटवर, सफारीच्या गाडीवर. घरी पैसे पाठवायचा, पत्र नाही, फोन नाही. गावात बोलणं थांबलं नाही. उलट मुलगा गेला म्हणजे काहीतरी असेलच, असं पक्कं झालं. काकानं तलावावर जाणं कमी केलं. डोंग्यात कुणी त्याच्याबरोबर बसेना. चेष्टेनं म्हणायचे, "हा जाळं देते गा." सहा वर्षांनी तो कावीळ होऊन मेला. त्याला अग्नी द्यायला मुलगा आला नाही. भाच्यांतून कुणीतरी दिला. मी गेलो होतो. ती बाई माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं की मी मुलाला सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही. माझ्यावर तिचा राग नव्हता. ते सहन करणं सगळ्यात अवघड होतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी मोहर्लीला गेलो. गेटजवळ गाड्या उभ्या होत्या. त्यानं मला आधी ओळखलं. कानाशी केस पांढरे झालेले. वाकून पाया पडला.

"गुरुजी, तुमी इथी? वाघ पाहाले?"

"तुला भेटायला."

"बोला ना. अडीचले गेट उघडते, तोवर मोकळाच आहो."

मी सांगितलं. राईस मिल, रांग, सायकलवाला, कोंड्याचा ढीग. तो गाडीची काच पुसत ऐकत होता. माझं संपल्यावरही पुसत राहिला.

"मले माहीत आहे, गुरुजी."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा वर्ष. मिलचे म्हातारे मुनीम आले होते, नातवाईले घेऊन. माह्याच गाडीत बसले. गावाचं नाव काढलं तं म्हणे, तुह्या गावच्या एका माणसाले मी भाऊ गेल्यावर कोंडा तोंडावर घेताना पाह्यलं, संग मास्तर होते म्हणे. मी गाडी बाजूले घेतली. पाहुणे विचारून राह्यले, वाघ दिसला का?"

"मग घरी का गेला नाहीस?"

"काका तवा गेला होता. आणि मायले कोणतं तोंड दाखवू? ते बोलणं तुमी लिहिलेलं होतं गुरुजी, पण तोंड माहं होतं." त्यानं फडकं झटकलं. "मी विचारलं होतं तुमाले. खांबापाशी. तुमी काऊन नाई सांगतलं?"

मी खूप कारणं मनात धरून आलो होतो. तोंडातून निघालं, "तुझं काम चांगलं होत होतं."

त्यानं फडकं सीटखाली टाकलं. "हाव. चांगलंच झालं होतं."

गेटवर शिट्टी झाली. पाहुणे टोप्या घालून येत होते. तो गाडीत चढला आणि खाली वाकून म्हणाला, "तुमी जा मायकडे. पह्यले तुमी सांगा, ते बोलणं कुठून आलं, कोणी दिलं. तिले समजू द्या का ते माह्या पोटातून नव्हतं आलं. मंग मले येता येईल. तुमी सांगतलं का मले फोन करा, मी त्याच दिवशी येतो."

नंबर दिला. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात चुलीवर शिंगाडे उकडत होती, एकटीच. म्हातारी झाली होती, पण हात चालत होते. मला बसायला पाट दिला, द्रोणात गरम शिंगाडे दिले.

"मुलाला भेटलो," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "कसा आहे? जेवते का बरोबर?"

"बरा आहे. गाडी चालवतो."

"लगन केलं का?"

"नाही."

"नाई केलं," ती स्वतःशीच म्हणाली. मग चुलीत काडी सारली. "गुरुजी, एक विचारू? ते नाटक म्या नाई पाह्यलं. लोक सांगते थोडं थोडं. त्यातली माय शेवटी काय करते?"

"विष पिते."

"काऊन?"

ती थांबली होती, खरंच ऐकायला.

"पोट्ट्याले काही सांगून जाते का मरताना?"

"नाही."

"असं कसं? माय आहे ना. काही तं बोलली असेल."

द्रोण माझ्या हातात होता. तेव्हा सांगायचं होतं. त्याच क्षणी, दुसरा कोणता नाही. मी म्हणालो, "उशीर होतोय बाई, पुन्हा येतो," आणि उठलो. ती फाटकापर्यंत आली. "त्याले म्हणजा, माय म्हणे एक डाव येऊन जा."

मी मुलाला फोन केला नाही. काय सांगणार होतो? त्यानं एकदा केला. "गेलते का जी?" "जातो, उद्या-परवा." मग मी शब्द जुळवत बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली, आणि माझं एक वाक्य मला जमेना. लिहायचो, खोडायचो. कधी जास्त रडकं वाटायचं, कधी अपुरं. तिच्या घरापासून माझं घर तलावाच्या पाळीवरून चालत दहा मिनिटांवर आहे. असे सात महिने गेले. ज्येष्ठात ती उन्हात बाजारातून आली आणि पडली, ती उठली नाही.

मुलगा आला. अग्नी त्यानंच दिला. लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आवाज अगदी हळू होता.

"सांगतलं होतं का गुरुजी?"

मी मान हलवली. नाही.

तो पायातल्या चपला हातात घेऊन तलावाकडे गेला. तिथून तसाच मोहर्लीला गेला असावा, गावात पुन्हा दिसला नाही.

जे तिच्या अंगणात म्हणायला हवं होतं ते आता लिहितो. यापेक्षा चांगलं मला अजूनही जमत नाही.

बाई, तुमच्या मुलानं जे बोलून ताट सरकवलं, ते त्याचं नव्हतं. ते मी लिहिलं, मी पाठ करून घेतलं. तुमचा दीर त्या दिवशी माझ्यासंग होता, हे मला ठाऊक होतं, आणि मुलानं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. तुमच्या हातून काही झालं नाही. झालं ते माझ्या हातून. मला माफ करा, असं म्हणायचाही मला हक्क नाही, तरी म्हणतो. मला माफ करा.